विहीर खाली आहे

रविवारी सकाळी सायकल काढून शहराबाहेर जायचे, हा माझा जुना छंद आहे. घाई नसते, शर्यत नसते, कोठे ठरावीक वेळेला पोहोचायचे नसते. वाटेत दिसेल ते पाहावे, भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, भूक लागली की झाडाखाली डबा सोडावा आणि संध्याकाळच्या आत घरी यावे, एवढाच बेत. ओळखीचे लोक विचारतात, "सर, घरी मोटारसायकल असताना हा खटाटोप कशाला?" मी हसून वेळ मारून नेतो. कारण या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

मी लहान असताना आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी सायकलीचे एक दुकान होते. तेथे तासाच्या भाड्याने सायकली मिळत. दुकानदार वहीत नाव लिही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ टिपून ठेवी आणि सायकल हातात देई. आमचे पाय पॅडलपर्यंत पुरत नसत. मग दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि वाकडे होऊन सायकल चालवायची. गुडघे फुटत, पण त्या एका तासात आमचे जग मोठे होई. एरवी मशीद, शाळा, बाजार आणि घर एवढेच ते जग होते. सायकलवर बसलो की ते छावणीपर्यंत जाई. छावणीच्या पलीकडे काय आहे, हे पाहायचे मात्र राहून जाई, कारण तास संपत आलेला असे.

आता माझी स्वतःची सायकल आहे आणि तास मोजणारे कोणी नाही. माझे शहर छत्रपती संभाजीनगर. २०२३ पूर्वी त्याचे नाव औरंगाबाद होते. शहरातून वायव्येकडे एक रस्ता जातो. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर अशी गावे मागे टाकत तो दौलताबादला पोहोचतो. हे अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे. तेथून घाट चढून गेले की खुलताबाद लागते. ते शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. पलीकडचा घाट उतरला की वेरूळ. शहरापासून वेरूळपर्यंत सगळे मिळून ३० किलोमीटर होतात. मोटारीने हा प्रवास एका तासाचा आहे. सायकलीने जाऊन यायला पूर्ण दिवस लागतो. त्या पूर्ण दिवसातच खरी मौज आहे.

निघण्यापूर्वी थोडी तयारी करावी लागते. आदल्या दिवशी चेनला तेल द्यायचे, ब्रेक दाबून पाहायचे, दोन्ही चाकांत हवा भरायची. पिशवीत पाना, छोटा पंप, पंक्चर काढायचे सोल्युशन, रबराचे चार तुकडे आणि पाण्याची बाटली ठेवायची. या भागात बाभळी पुष्कळ आहेत. बाभळीचा काटा कोणाची भीड धरत नाही. टायर नवा असो की जुना, तो सरळ ट्यूबपर्यंत पोहोचतो.

सायकलवर बसले की वारा म्हणजे काय ते कळते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे दौलताबादकडे जाताना तो तोंडावर बसतो, आणि पाय थकून भरून येतात. परतताना तोच वारा पाठीवर हात ठेवून आपल्याला घरी पोहोचवतो. भूगोलाच्या पुस्तकात मोसमी वाऱ्यांचा धडा मी कितीतरी वेळा वाचला होता. पण मोसमी वाऱ्यांची दिशा मला खऱ्या अर्थाने कळली ती श्रावणातल्या एका रविवारी, मिटमिट्याच्या चढावर.

सायकलीचा वेग ताशी दहाबारा किलोमीटर असतो. या वेगात शेतातले पीक ओळखता येते. आषाढात मका आणि कापूस हातभर उंच झालेला असतो. दसऱ्याच्या सुमारास दौलताबादच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसतात. थंडीत पेरू येतात. ज्वारीची कणसे भरतात, हरभऱ्याला घाटे लागतात. मोटारीतून हे सगळे नुसते हिरवे दिसते. सायकलीवरून प्रत्येक हिरव्याला त्याचे नाव मिळते.

ही नावे ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकदा शरणापूरच्या पुढे एक शेतकरी बांधावर बसला होता. मी सायकल थांबवली आणि म्हणालो, "काका, पीक कसे आहे यंदा?" तो म्हणाला, "खरीप बरा गेला. रब्बीचं बघू. हंगाम चांगला असला तर जमीन काही ठेवून घेत नाही." मी पुढे निघालो आणि त्याचे शब्द मनात घोळवू लागलो. खरीप हा शब्द अरबी. अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू. रब्बी हाही अरबी. त्याचा अर्थ वसंत ऋतू. जी पिके शरदात हाती येतात ती खरिपाची आणि जी वसंतात येतात ती रब्बीची. हंगाम आणि जमीन हे शब्द फारसी. त्या शेतकऱ्याने अस्सल मराठी बोलून दाखवले होते, आणि त्यातले चार शब्द माझ्या विद्यार्थ्यांच्या उर्दू पुस्तकातही सापडले असते.

माझे विद्यार्थी उर्दू माध्यमाचे. घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू वाचतात. मराठीचा तास आला की वर्ग एकदम शांत होतो. ही शांतता शिस्तीची नसते, धास्तीची असते. उत्तर येत असले तरी मुले हात वर करत नाहीत. एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, 'चा' ऐवजी 'ची' होईल आणि कोणी हसेल, अशी त्यांना भीती वाटते. त्यांतल्या एकाची तर मला काळजीच वाटे. तो आठवीत होता. लेखी परीक्षेत त्याला बरे गुण मिळत. कठीण शब्दांचे अर्थ तो तोंडपाठ सांगू शकेल, अशी त्याची वही होती. पण वर्षभरात मी त्याचे एकही मराठी वाक्य ऐकले नव्हते. वाचायला उभे केले की तो पुस्तक हातात धरून खाली पाहत राही.

एका शनिवारी त्यानेच मला शाळेच्या फाटकापाशी गाठले. "सर, आप सायकल पे दौलताबाद जाते ना? हम भी आएँ?" त्याच्यामागे आणखी तिघे उभे होते.

मी त्यांच्या घरी विचारायला गेलो. कोणाचे वडील रंगारी होते, कोणाचे रिक्षा चालवत. त्यांनी लगेच होकार दिला. या मुलाच्या आईने मात्र बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग त्या म्हणाल्या, "सर, शहरात आपले लोक असतात. तिकडे खेड्यात मुलांना कोण ओळखते? कोणी काही बोलले, काही झाले, तर?" त्यांची काळजी खोटी नव्हती. दिवस कसे असतात, हे आपण सर्वच जाणतो. मी म्हणालो, "ताई, ओळखत नाहीत हे खरे आहे. जाणे-येणे झाल्याशिवाय कोणी कोणाला ओळखणार कसे? मी बरोबर आहे. मगरिबच्या आत मुलगा घरी येईल." त्यांनी आणखी थोडा विचार केला आणि मुलाला म्हणाल्या, "पानी की बोतल भर ले."

ती बाटली शरणापूरच्या पुढे जाईपर्यंत रिकामी झाली. बाकीच्यांच्या बाटल्यांचीही तीच गत. मुले पहिल्या तीन किलोमीटरांत शर्यत लावून दमली होती. तेवढ्यात एकाच्या चाकातून फुस्स असा आवाज आला. बाभळीचा काटा! मी एका लिंबाच्या झाडाखाली सायकल उलटी केली आणि टायर काढू लागलो. थोड्या अंतरावर शेतात एक पत्र्याचे घर होते. दारात एक म्हाताऱ्या बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मी त्या अबोल मुलाला म्हणालो, "जा, आजींना पाणी मिळेल का विचार. आणि एका भांड्यातही आण. ट्यूब पाण्यात बुडवल्याशिवाय भोक सापडायचे नाही."

तो गेला. बाकीचे तिघेही मागोमाग गेले. दोन मिनिटांत चौघेही तोंड उतरवून परत आले.

"सर, पाणी नाही," तो म्हणाला. "आजी म्हणतात, विहीर खाली है."

मी म्हटले, काय करणार, उन्हाळा नाही तरी विहीर आटली असेल. इतक्यात आजींची हाक आली, "अरे लेकरांनो, पाणी नको का? चालले कुठं? विहीर खाली हाय म्हटलं ना!"

मुलांनी माझ्याकडे पाहिले. मला हसू आवरेना. मी विचारले, "विहीर म्हणजे काय?"

"कुआँ," तो चटकन म्हणाला.

"आणि खाली म्हणजे?"

"ख़ाली. जिसमें कुछ न हो."

"उर्दूत तसे. मराठीत खाली म्हणजे नीचे. विहीर रिकामी नाही. त्या उताराच्या खाली आहे."

मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. 'विहीर' हा अवघड शब्द त्याला येत होता. ज्या शब्दाने त्याला फसवले, तो त्याच्या घरचाच होता. मग तो जो हसत सुटला, तो थांबेना. आम्ही आजींच्या अंगणात गेलो आणि त्यांना सगळी हकिकत सांगितली. आजीही पदर तोंडाला लावून हसल्या.

"मग तुमच्यात खाली बस कसं म्हणतात?" त्यांनी विचारले.

"नीचे बैठो," मुलगा म्हणाला.

"अगं बाई! आमच्यात कुणाला नीच म्हटलं तर भांडण होतं!"

त्या दिवशी विहिरीचे पाणी आम्ही पोटभर प्यालो. आजींनी घमेल्यात पाणी दिले. ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, भोक सापडले. मुलांनी पहिल्यांदाच आपल्या हातांनी पंक्चर काढले. ट्यूबचा तेवढा भाग घासून खरखरीत करायचा, सोल्युशन लावून थोडे वाळू द्यायचे, मग रबराचा तुकडा दाबून बसवायचा. वाळण्याची वाट न पाहता तुकडा लावला तर तो टिकत नाही, हे त्यांना दोन वेळा लावल्यावर कळले.

त्यानंतर आमचे रविवार असेच जाऊ लागले. प्रत्येक वेळी आजींच्या अंगणात पहिला मुक्काम होई. मग दौलताबाद. त्या किल्ल्याचे जुने नाव देवगिरी. यादवांची ही राजधानी होती. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवली आणि या जागेला दौलताबाद हे नाव दिले. किल्ल्याचा डोंगर चारी बाजूंनी तासून काढलेला आहे. भोवती खोल खंदक आहे. आत अंधाऱ्या वाटेचे भुयार आहे. मुलांना मेंढ्याचे तोंड असलेली तोफ फार आवडली. मला मात्र या किल्ल्यावर दुसरेच काही आठवते. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्यावर अधिकारी होते. त्यांच्याकडे शिकण्यासाठी एकनाथ लहान वयात पैठण सोडून येथे आले. पैठण येथून पन्नासाहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि तेव्हा सायकली नव्हत्या! पुढे याच एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद मराठीत रचला. त्यात दोघे आधी कडाडून भांडतात आणि शेवटी एकमेकांना समजून घेतात.

दौलताबादच्या पुढचा घाट साध्या सायकलीवर बसून चढणे अवघड आहे. आम्ही उतरून सायकली हातात धरतो आणि चालत जातो. याच रस्त्याने हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो भाविक शहरातून पायी चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात. याच रस्त्याने उरुसाच्या दिवसांत लोक खुलताबादच्या दर्ग्यांना जातात. घाट दोघांनाही सारखाच दमवतो.

खुलताबादला पोहोचल्यावर मी मुलांना विचारले, "या गावाच्या नावाचा अर्थ काय?" मराठी पाटीवर 'खुलताबाद' असे लिहिलेले होते. मुले गोंधळली. मग एकाच्या ध्यानात आले, "सर, ये तो ख़ुल्दाबाद है! ख़ुल्द यानी जन्नत!" उर्दू शब्द मराठी तोंडात रुळला आणि थोडा बदलला, इतकेच. माणूस नव्या गावी राहायला गेला की त्याची बोलण्याची ढब बदलते, तसे शब्दांचेही होते.

खुलताबादला अनेक सूफी संतांचे दर्गे आहेत. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब येथेच विसावले आहेत. याच गावी मलिक अंबरची कबर आहे. मी मुलांना तेथे आवर्जून नेतो. मलिक अंबर हा हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात तो दख्खनमध्ये आला आणि आपल्या गुणांवर निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी नावाचे शहर वसवले. तेच आमचे शहर. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून आणून त्याने शहराला दिले. ती नहर आजही नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाते. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने बसवली. १६२६ साली तो वारला. शेजारच्या वेरूळचे मालोजीराजे भोसले हे त्याच निजामशाहीचे सरदार. शिवाजी महाराजांचे ते आजोबा. पाठ्यपुस्तकात ही माणसे वेगवेगळ्या धड्यांत बसलेली असतात. सायकलीने गेले की कळते, त्यांच्या गावांमध्ये फक्त एका घाटाचे अंतर आहे.

तो घाट उतरताना मी मुलांना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत यायला सांगतो. खाली वेरूळची लेणी आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन अशी तीन धर्मांची ३४ लेणी एकाच डोंगरात शेजारी शेजारी आहेत. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या काळात कोरले गेले. ते इमारतीसारखे पायापासून वर बांधलेले नाही. कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात केली आणि कळस आधी, पाया शेवटी, असे कोरत आणले. मी समजावत होतो, "पाहा, हे वरून खाली..." आणि 'खाली' म्हणताच चौघेही हसू लागले. शेजारी उभे असलेले प्रवासी आमच्याकडे पाहत राहिले. त्यांना आमची विहीर कोठे माहीत होती?

थंडीचे दिवस आले. एका रविवारी आजी अंगणात आमची वाटच पाहत होत्या. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते. आता दिवाळीनंतर गेलेली ही माणसे उन्हाळ्यातच परतणार. नात तालुक्याच्या गावी निवासी शाळेत होती. आजी घरात एकट्याच. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद आणला आणि त्या मुलाच्या हातात दिला.

"बाळा, वाच रं जरा. नातीच्या शाळेचा कागद हाय. आठ दिस झाले येऊन. चष्मा फुटलाय माझा, आन् चष्मा असला तरी मला कुठं येतंय वाचाया!"

मुलाने माझ्याकडे पाहिले. वर्गात पाहायचा, तसेच. मी हात पुढे केला असता, तर त्याने तो कागद मला देऊन टाकला असता. मी मुद्दाम सायकलीच्या चेनशी काहीतरी करत राहिलो.

त्याने कागद उलगडला. घसा साफ केला. मग एकेक शब्द वाचू लागला. "आपल्या... पाल्याच्या... प्रगतीविषयी..."

"पाल्याच्या? कोणत्या पाल्याच्या? भाजीच्या?" आजींनी विचारले.

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "नाही आजी. पाल्य म्हणजे... तुमची नात."

"अस्सं. पुढं वाच."

"चर्चा करण्यासाठी पालकांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता शाळेत उपस्थित राहावे."

"उपस्थित म्हंजे?"

हा शब्द त्याच्या वहीत होता. मला ठाऊक आहे, कारण ती वही मी तपासली होती. पण त्याने वहीतला अर्थ सांगितला नाही. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "उपस्थित म्हणजे हजर. आजी, तुम्हाला शाळेत हजर राहायचे आहे."

"मग हजर म्हणायचं की सरळ!" आजी म्हणाल्या. "हजर कुणाला कळत नाही?"

हजर हा आमचा हाज़िर. शाळेत रोज सकाळी हजेरीच्या वेळी तो मुलगा हा शब्द उच्चारी. कागदावरचा मराठी शब्द मराठी आजींना अडला, आणि उर्दू शाळेतल्या मुलाने तो त्यांच्याच भाषेत सोडवून दिला.

मग त्याने तारीख पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. "आजी, सोमवार म्हणजे उद्याच!"

आजी उठून उभ्या राहिल्या. "उद्या? अरे देवा! आन् हा कागद आठ दिस पेटीत पडलाय! पोरगी दाराकडं बघत बसली असती, माझं कुणीच न्हाई आलं म्हणून." त्यांनी त्याला कागद पुन्हा वाचायला सांगितला. त्याने पुन्हा वाचला. या वेळी एकदाही न अडखळता. एस.टी. किती वाजता मिळेल, कोठे उतरायचे, हे सगळे त्या दोघांत ठरले. मला कोणी काही विचारले नाही. निघताना आजींनी आमच्या पिशव्यांत पेरू भरले आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या दिवशी परतताना आम्ही कोणी फारसे बोललो नाही. वारा मंद होता. ऊन कोवळे होते. तो मुलगा सर्वांच्या पुढे होता आणि रस्ता मोकळा असूनही मधूनमधून घंटी वाजवत होता.

आजी सोमवारी शाळेत गेल्या. नात गणितात हुशार आहे, असे तिच्या बाईंनी सांगितले. ही बातमी आम्हाला पुढच्या रविवारी, शेंगांबरोबर, तीन वेळा ऐकायला मिळाली.

मंगळवारी मराठीच्या तासाला मी नेहमीप्रमाणे विचारले, "कोण वाचणार?" तो मुलगा उभा राहिला. तो वाचताना दोन ठिकाणी चुकला. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. तो थांबला नाही. चुकलेला शब्द पुन्हा नीट वाचून पुढे गेला.

आता आमच्या वर्गात भिंतीवर एक मोठा कागद लावलेला आहे. त्यावर मुले दोन याद्या लिहितात. एका यादीत दोन्ही भाषांत एकाच अर्थाने चालणारे शब्द असतात: जमीन, तारीख, हवा, दुकान, बाग, अंजीर. दुसरी यादी फसव्या शब्दांची. मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा, हिंदीत तालीम. मराठीत राग म्हणजे ग़ुस्सा, आणि गवयाचा राग तो वेगळाच. या यादीत सर्वांत वर 'खाली' आहे. पहिली यादी दुसरीपेक्षा कितीतरी लांब झाली आहे, आणि ती लिहायला आता कागद पुरत नाही.

मुलींनी एकदा तक्रार केली, "सर, फक्त मुलेच का?" तक्रार रास्त होती. आमच्या शाळेतील एका बाईंना सायकल येते. त्या आता महिन्यातून एका रविवारी सकाळी मुलींना घेऊन निघतात. बीबी का मकबरा आणि पाणचक्की अशी त्यांची फेरी असते. पाणचक्कीत दुरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पडते. त्या पाण्याच्या जोराने पूर्वी पिठाची चक्की फिरत असे. तेथे एका मुलीने पाटीवरचा मराठी मजकूर बाहेरगावच्या प्रवाशांना मोठ्याने वाचून दाखवला, असे बाई सांगत होत्या.

त्या मुलाच्या आई मला परवा बाजारात भेटल्या. मी सलाम केला. त्यांनी विचारले, "सर, या रविवारी जाणार ना?" मी हो म्हणालो. त्यांनी पिशवीतून एक छोटी पुडी काढून माझ्या हातात दिली. "यात बडीशेप आणि खडीसाखर आहे. आजींना द्या. खोकला झालाय म्हणे त्यांना." खेड्यात मुलांना कोण ओळखते, असे त्यांनी मला एकदा विचारले होते. आता त्या कधी न पाहिलेल्या आजींचा खोकला त्यांना ठाऊक होता.

मुलांनो, तुमच्या गावाबाहेरही असा एखादा रस्ता असेलच. मोठ्यांना सांगून, कोणाला तरी बरोबर घेऊन जा. चाकांत हवा आणि बाटलीत पाणी भरून घ्या. रस्त्याच्या डाव्या बाजूने चला. फार भरधाव जाऊ नका, नाहीतर अंगणात बसलेली आजी तुम्हाला दिसणारच नाही. तहान लागली तर थांबा आणि मराठीत पाणी मागा. शब्द चुकला तरी पाणी मिळते. आणि कोणी म्हणाले, "विहीर खाली आहे," तर मागे फिरू नका. उतार उतरून जा.